पिपाणीचा आवाज

१२ जानेवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझा भाऊ सध्या लांडगा झाला आहे. घाबरू नकोस, पगारी लांडगा आहे.

आमच्या स्टुडिओत नवा चित्रपट आलाय, सगळा हाताने काढलेल्या चित्रांचा. या कामात आधी आवाज होतो आणि मग तो ऐकून चित्रकार चित्रं काढतात. लांडग्याचा पंजा नेमका केव्हा टेकला हे त्यांना कळायला हवं, म्हणून कोणाला तरी आधी चालून दाखवावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे मी. हातमोज्यांच्या बोटांना कागदाच्या क्लिपा अडकवल्या की नखं तयार होतात. मक्याच्या पिठाची पिशवी दाबली की बर्फ. लांडग्याने अंग झटकलं की मी जुनी लोकरीची टोपी कानाशी झटकतो. दिवसभर चार पायांवर चालून संध्याकाळी दोन पायांवर घरी येतो, तेव्हा जिना चढताना जरा गोंधळ होतो.

माझी कामाची खोली स्टुडिओच्या तळघरात आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात आणि दारावर लाल दिवा आहे. दिवा लागला की कोणी तोंड उघडायचं नाही, असा कडक नियम. ही नोकरी मला का आवडते हे तुला वेगळं सांगायला नको. तिशी उलटली तरी माझा आवाज काही फुटला नाही. कालच दुकानात पाठमोरा उभा राहून ब्लेडचं पाकीट मागितलं, तर दुकानदाराने ताई, साहेब कुठलं ब्लेड वापरतात असं विचारलं. मी मान हलवून पहिलं मिळालं ते घेऊन आलो. आता गालाची सालटी निघतायत.

गोष्टही ऐक. एक लांडगा असतो. बाकीचे सगळे घसा फोडून ओरडतात आणि याच्या गळ्यातून बारीक शिट्टी निघते. कळप त्याला पिपाणी म्हणतो. एकदा शिकारीच्या ऐन वेळी हा ओरडतो, हरणं हसत सुटतात आणि सगळा कळप उपाशी राहतो. मग त्याला हाकलून देतात. पुढे गोठलेली नदी, अस्वलाची गुहा, सापळे, असं बरंच आहे. पिपाणीसाठी एक मोठे हिरो येणार आहेत. त्यांचा आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा आहे, ते म्हणे तो बारीक करणार. सध्या त्यांना वेळ नाही, म्हणून मी एकटाच चालतोय.

बाबांचा गुडघा कसा आहे? मी फोन करणार नाही, तेव्हा तूच कळव.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
भाऊ


२ फेब्रुवारी

चि. मौनीबाबास,
अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

चापट ब्लेडसाठी. दुकानात वळून बघायला काय झालं होतं? तुझ्या मिशा बघून दुकानदार काही बेशुद्ध पडला नसता.

इकडे सगळं ठीक. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सध्या अशा एक बाई येतायत की त्यांना डावं आणि उजवं ही फक्त मतं वाटतात. परवा त्यांनी गाडी थेट न्हाव्याच्या दारात नेली. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक टॉवेलसकट पळालं. मी दिवसभर ओरडून ओरडून घरी येते, तर घरी बाबा. बसस्टँडवरून निवृत्त झाले तरी माईक काही सुटलेला नाही. चहा टेबलावर लागला आहे, तरी संबंधितांनी आपापले कप घेऊन यावं, असं स्वयंपाकघरातून घोषित करतात. शेजारचे संबंधितही येतात. गुडघा बरा आहे.

आता फोनचं. पहिल्या पगाराची बातमी सांगायला तू घरी फोन केलास, बाबांनी उचलला आणि बाई, राँग नंबर लागलाय म्हणून ठेवून दिला. झालं ते झालं. तू त्यानंतर फोनच बंद केलास आणि पोस्टाची भरभराट केलीस. बाबाही काही कमी नाहीत. कोणी तुझी चौकशी केली की तो जरा अबोल आहे म्हणतात. लहानपणी तू दातही न घासता बडबड करायचास, हे मी विसरलेले नाही. पण एक गोष्ट तुला माहीत नाही म्हणून सांगते. तो फोन तुझाच होता हे तू कळवलेलं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून फोनवर कुठल्याही बाईचा आवाज आला की ते पटकन ठेवत नाहीत. नीट चौकशी करतात, शेवटपर्यंत ऐकून घेतात. गेल्या आठवड्यात गाद्या विकणाऱ्या एका बाईंचं सगळं ऐकलं आणि शेवटी एक गादी घेतली. गादी वाईट आहे. माझी पाठ धरलीय.

तुझ्या लांडग्याचा शेवट मी सांगू? हिमवादळ येणार, कळप वाट चुकणार, बाकीच्यांचे जाड आवाज वाऱ्यात विरणार आणि पिपाणीची शिट्टी तेवढी ऐकू येणार. सगळे वाचणार, त्याला खांद्यावर घेणार. बरोबर ना? मला हे अजिबात आवडलेलं नाही, तुझ्या साहेबांना सांग. कामाला आला म्हणून घरात घेतला, तर त्याला घरात कुठे घेतलं? नोकरीवर ठेवलं. वादळ आलंच नसतं तर बिचाऱ्याने काय करायचं होतं?

ब्लेड चांगलं आण. पत्र लौकर टाक, नाहीतर मी तिथे येऊन तुला गाडी शिकवीन.

तुझी
ताई


१९ मे

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घोटाळा झालाय. आधी बसून घे, त्या गादीवर नको.

पिपाणी चालता चालता बोलतो अशी बरीच दृश्यं आहेत. चालताना बोलणारा प्राणी शब्द संपल्यावर जरा थांबतो, मग पाऊल टाकतो. हिरोंचे संवाद अजून झालेले नव्हते, मग पावलं कुठे टाकायची? म्हणून मी दार लावून, लाल दिवा लावून, सगळे संवाद स्वतःच म्हणत चाललो. आपल्यापुरते, हळू. रडायचं तिथे थोडा रडलोसुद्धा, कारण रडताना पावलं वेडीवाकडी पडतात. जमिनीजवळचा माईक चालू ठेवला आणि तोंडाजवळचा बंद केला.

तो बंद झालाच नव्हता. पावलांची फीत म्हणून जी फीत वर गेली, तिच्यात मी सगळाच्या सगळा होतो. वरच्या चित्रकारांना वाटलं, हेच पिपाणीचे संवाद. त्यांनी त्यावर तोंडं काढली. त्याचे कान, त्याच्या पापण्या, हुंदका आला की पोट आत जातं ते, सगळं माझ्या आवाजावर. वसंत ऋतू संपेपर्यंत बिचारे मान मोडून काढत होते आणि मी खाली आनंदाने पीठ दाबत होतो.

काल आमच्या दिग्दर्शिका बाईंनी अर्धा चित्रपट सगळ्यांना दाखवला. पडद्यावर तो लांडगा आला, त्याने तोंड उघडलं आणि त्यातून मी बाहेर आलो. ताई, माझी बोबडी वळली. संपल्यावर बाईंनी डोळे पुसले आणि ही मुलगी कोण, असं सगळ्यांना विचारलं. संवाद लिहिणाऱ्याला वाटलं ती चित्रकारांनी आणली, चित्रकारांना वाटलं हिशेबनीसाची भाची असेल. मला कोणी विचारलंच नाही. मला कोण विचारणार, मी अबोल आहे.

आता सोमवारी हिरो येतायत. त्यांचा आवाज एकदा बसला की माझा पुसला जाईल आणि प्रकरण मिटेल. मी खाली तोंड शिवून बसतो. बाबांना यातलं अक्षर कळवू नकोस. ज्यांचा आवाज साऱ्या स्टँडवर घुमायचा, त्यांच्या मुलाला लोक मुलगी म्हणून शोधतायत हे त्यांना कशाला ऐकवायचं?

गादीवाल्या बाईंचं वाचून हसलो. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझा
भाऊ


२५ मे

चि. मौनीबाबास,
आशीर्वाद. चापटी शिल्लक नाहीत.

तुझं पत्र मी गाडीत वाचलं. हसता हसता माझा पाय ब्रेकवरून सुटला आणि त्या डाव्या-उजव्यावाल्या बाईंनी पहिल्यांदाच वेळेवर ब्रेक दाबला. त्या पास होणार असं दिसतंय, तुझ्या कृपेने.

हसून झाल्यावर मात्र मला राग आला. तोंड शिवून बसतो म्हणे! अरे, तो लांडगा तू श्वास घेतोस तेव्हा श्वास घेतो. लोकांनी तुझ्या हुंदक्यावरून त्याचं पोट काढलं. आता तिथे पिंपातला माणूस आणून बसवणार आणि तू पीठ दाबत बघत राहणार? मग त्या कळपात आणि तुझ्यात फरक काय? त्यांनी निदान दुसऱ्याला हाकललं, तू स्वतःलाच हाकलतोयस.

बाबांना सांगितलेलं नाही. पण पत्र आलं की ते माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतात, आणि माझा चेहरा तर तुला माहीत आहे, सगळं छापून येतं.

सोमवार होऊन गेला असेल. काय झालं ते ताबडतोब लिही, पानभर तरी लिही.

तुझी
ताई


३ जून

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पानभर म्हणालीस, आता भोग.

हिरो आले. माणूस चांगला आहे, सगळ्यांना चहा विचारला. पण लांडग्याचं तोंड मिटलं तरी यांचं वाक्य चालूच. मग घाईने बोलायला गेले तर लांडग्याचं तोंड उघडंच राहिलं आणि हे गप्प. शेवटी घाम पुसत म्हणाले की वाक्याच्या मध्येच असा श्वास घेणारी ही मुलगी कोण आहे, तिलाच बोलवा, मी चाललो. आणि खरंच गेले.

मग मुलगी शोधायचं ठरलं. मुली आल्या, बायका आल्या, नाटकवाल्या, गाणाऱ्या, एक तर शाळेच्या बाई होत्या. आणि त्यांचे आवाज कोणी घ्यायचे? मीच. काचेपलीकडे त्या, अलीकडे मी कानाला हेडफोन लावून, माझ्यामागे आमच्या दिग्दर्शिका बाई. जी ती आवाज बारीक करायची म्हणून पिपाणीची टिंगलच करत होती. मी सगळं गिळत होतो. पण एकीने चक्क नाक चिमटीत धरलं आणि आईला हाक मारायचं दृश्य म्हणायला लागली. ताई, मला राहवलं नाही. समोर बटण असतं, दाबलं की आपला आवाज पलीकडे ऐकू जातो. मी ते दाबलं आणि नाकातून नको, त्याला सर्दी झालेली नाही, तो असाच आहे, असं सांगितलं.

पलीकडच्या बाईंनी नाक सोडलं. मागे खुर्ची सरकली. मी वळून बघायच्या आधीच कान गरम झाले होते. आमच्या बाई खुर्चीतून उठल्या होत्या. रागावतील, हसतील, असं बरंच काही वाटून गेलं. त्यांनी फक्त हेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. मग त्यांनी मला काचेपलीकडे उभं केलं, हेडफोन स्वतः लावले आणि ते आईचं दृश्य मी पहिल्यांदा लोकांसमोर म्हटलं. पाय लटपटत होते, त्यामुळे पावलंही आपोआप नीट आली. चित्रकार जिन्यात दाटीवाटीने उभे होते. त्यातल्या एकाने माझ्या पोटाकडे बोट दाखवून दुसऱ्याला सांगितलं की बघ, आत जातं, मी बरोबर काढलं होतं.

आता सगळे संवाद मीच म्हणणार असं ठरलंय. बाईंनी विचारलं की लांडग्याबद्दल काही म्हणणं आहे का. मी खिशातलं तुझं पत्र काढलं आणि नोकरीवर ठेवल्याचं ते वाक्य वाचून दाखवलं. बाईंनी ते वाक्य पटकथेच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या की बहिणीलाही पगारावर घ्यायला हवं. शेवट बदलतायत. हिमवादळ काढून टाकलंय, ज्याने ते काढलं होतं तो चित्रकार तुझा पत्ता विचारतोय, सांभाळून राहा.

चित्रपट ऑक्टोबरच्या सुमारास लागेल. पडद्यावर माझं नाव येणार आहे. म्हणून एक विनवणी. तू जा, बाबांना नेऊ नकोस. थिएटरात मुलं हसणार, ती हसणारच, आणि शेजारी बाबा बसलेले असणार. मी बाईंसमोर बोललो, चित्रकारांसमोर बोललो, पण एवढं मला झेपणार नाही. ते पुन्हा ओळखणार नाहीत याची भीती नाही. ओळखतील आणि मान खाली घालतील, याची आहे.

एवढं ऐक, आणि रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस.

तुझा
भाऊ


१४ ऑक्टोबर

चि. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद, पोतंभर.

मी तुझं ऐकणार होते, खरंच. आज कपाटातून पर्स काढली आणि बाजारात जाते असं सांगितलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. म्हणाले, जाहिरात वर्तमानपत्रात आलीय, अक्षरं बारीक असली तरी मुलाचं नाव वाचता येतं मला. आता बोल. माझ्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं आणि वर्तमानपत्रात उरलेलं.

थिएटर मुलांनी खच्चून भरलेलं. मी मधल्या रांगेतली तिकिटं काढली तर बाबांनी खिडकीवर परत जाऊन स्वतःचं बदलून आणलं आणि पार शेवटी जाऊन बसले. मी मनात म्हटलं, मान खाली घालायची तयारी दिसतेय. मला रडू यायला लागलं.

खोटं सांगणार नाही, मुलं हसली. पहिल्यांदा तू ओरडलास तेव्हा सगळं थिएटर फुटलं. मी मागे वळून बघायचं धाडस केलं नाही. नदीच्या दृश्यात हसू कमी झालं. आईला हाक मारलीस तेव्हा माझ्या पुढच्या मुलाने खाणं थांबवलं. आणि शेवटी पिपाणी डोंगरावर एकटा बसून ओरडतो, त्याने कोणाचा जीव वाचत नाही, काहीही होत नाही, फक्त खाली झोपलेल्या कळपातला एक म्हातारा लांडगा डोळे न उघडता कूस बदलतो आणि शेजारी जागा करतो, तेव्हा तर कोणी खोकलंसुद्धा नाही. अरे, हे मी पत्रात लिहिलं होतं का? मी तर फक्त तक्रार केली होती.

बाहेर आलो तर व्हरांड्यात सगळी पोरं पिपाणीसारखी ओरडतायत. टिंगल म्हणून नाही, चढाओढ लागली होती, कोणाचा आवाज जास्त बारीक निघतो याची. एका पोराला जमत नव्हतं म्हणून ते रडत होतं. त्याची आई त्याला समजावत होती की सगळ्यांना नाही येत रे तसं.

बाबा गाडीतही पार मागच्या सीटवर जाऊन बसले. मी एवढी गाडी शिकवणारी बाई, पण दोनदा वळण चुकले. घरी आल्यावर चहाची घोषणा नाही. सरळ टेबलाशी बसले आणि पेन मागितलं. बाबा पत्र लिहितायत हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. काय लिहिलंय ते मला वाचू दिलं नाही, पाकीट स्वतः चिकटवलं. सोबत पाठवते आहे. मला उजेडात धरून बघायचा मोह झाला होता, पण ते तिथेच उभे होते.

तुझी, अजून पगार न मिळालेली,
ताई


१४ ऑक्टोबर

चि. यास,
अ. उ. आ. विशेष सूचना.

मला लिहायची सवय नाही, बोलायची आहे, तरी अक्षर गोड मानून घे.

चित्रपट पाहिला. तुझी ताई मध्ये बसा म्हणत होती, मी मुद्दाम शेवटच्या रांगेत खांबामागे बसलो. स्टँडवर नवा माईक आला की मी असाच पार टोकाच्या फलाटावर, टायरवाल्याच्या दुकानापाशी जाऊन उभा राहायचो आणि मदतनिसाला बोलायला सांगायचो. तिथे ऐकू आलं तर सगळीकडे आलं. खांबामागे तुझा शब्दन् शब्द आला. तू हळू बोललास तोही आला. माझ्या आवाजाचं लोक कौतुक करायचे, पण गाड्यांच्या घरघरीत अर्धा बुडायचा आणि प्रवासी खिडकीशी येऊन पुन्हा विचारायचे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

शेजारी एक गृहस्थ बसले होते. हा आवाज कोणाचा, असं त्यांनी बायकोला विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं असेन, कारण पुढच्या दोन-तीन रांगा वळून बघत होत्या.

तरी कळवण्यात येते की यापुढे पत्रं पाठवू नयेत. ती तुझी ताई वाचून दाखवते आणि तिच्या आवाजात तू नीट कळत नाहीस. रविवारी सकाळी फोन करावा. मी जवळच बसलेला असेन, मीच उचलीन.

लोभ आहे, तो होताच.

तुझे
बाबा

ता. क. फोनवर नाव सांगत बसू नकोस. मी ओळखीन.